घटनेचे अक्षर आणि सत्तेची अदलाबदल

घटना उलथून टाकण्यासाठी ती मोडावीच लागते असे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा धोका सांगितला होता. घटनेचे स्वरूप तसेच ठेवून, केवळ राज्यकारभाराची रीत बदलून तिला विकृत करता येते. रशियाचा अलीकडचा इतिहास या इशाऱ्याचा पुरावा आहे.

१९९३ च्या रशियन घटनेने एका व्यक्तीला लागोपाठ दोनच वेळा राष्ट्राध्यक्ष होण्याची मर्यादा घातली. २००० व २००४ मध्ये निवडून आलेल्या व्लादिमिर पुतिन यांची मुदत २००८ मध्ये संपली. ७ मे रोजी त्यांचे विश्वासू सहकारी दिमित्री मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष झाले आणि दुसऱ्याच दिवशी पुतिन पंतप्रधान झाले. त्यांच्या 'संयुक्त रशिया' पक्षाकडे कनिष्ठ सभागृहातील ४५० पैकी ३१५ जागा होत्या. त्या बळावर त्याच वर्षअखेरीस राष्ट्राध्यक्षाची पुढची मुदत चारऐवजी सहा वर्षांची झाली.

२४ सप्टेंबर २०११ रोजी पक्षाच्या अधिवेशनात मेदवेदेव यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी पुतिन यांचे नाव सुचवले. पुतिन यांनी त्यांना पंतप्रधानपद देऊ केले. हे पूर्वीच ठरले होते, असेही दोघांनी सांगून टाकले. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या बुद्धिबळातल्या खेळीचे नाव रशियन लोकांनी या प्रकाराला दिले.

डिसेंबरमध्ये मॉस्कोच्या रस्त्यावर हजारो माणसे उतरली. संसदीय निवडणुकीतील गैरप्रकार हे निमित्त होते. पण मत देण्याआधीच आपला निकाल लागला, हा अपमानही त्यामागे होता. तरीही मे २०१२ मध्ये अदलाबदल पार पडली. पुढे २०२० च्या दुरुस्तीने 'लागोपाठ' हा पळवाटेचा शब्दच काढला. मर्यादा कडक झाली. मात्र पुतिन यांच्या आधीच्या मुदती हिशेबातून वगळल्या गेल्या! २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

यात कायद्याचा भंग कुठे झाला, असे कोणी विचारील. प्रश्न कायद्याचा नाही, घटनात्मक नीतीचा आहे. विरोधी पक्ष, न्यायालये, वृत्तपत्रे दुबळी झाली की मुदतीची मर्यादा कागदावर उरते. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले होते. ज्यांच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही, जातीचे बळ नाही, त्यांच्यापाशी घटनाच आहे. म्हणून खुर्चीवर कोण बसला एवढे पाहून आपल्याला भागणार नाही. त्याला तिथून उठवण्याची ताकद लोकांच्या हाती उरली आहे काय, हे आपण विचारत राहिले पाहिजे.