मुंबई इलाख्यातील ज्यू निर्वासितांची स्थानबद्धता

नाझी छळातून निसटून हिंदुस्थानात आश्रयाला आलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन ज्यूंपैकी अनेकांना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवून स्थानबद्ध केले. मुंबई इलाख्यात अहमदनगर व देवळाली येथे छावण्या होत्या. पुरंदर व सातारा येथे प्रामुख्याने कुटुंबांना ठेवले जाई.

ज्यू धर्मीय महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. कोकणातील बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर आलेले निर्वासित मात्र युरोपीय शहरांतील डॉक्टर, कलावंत व व्यापारी होते. त्यांच्या साह्यार्थ १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली.

ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन सरकार ज्यूंच्या पारपत्रांवर लाल ‘जे’ अक्षर उमटवू लागले. तेथे हे अक्षर छळास कारण होई. येथे सप्टेंबर १९३९ मध्ये त्याच पारपत्रावरील ‘जर्मन’ हा शब्द अटकेस पुरेसा ठरला. एकाच छावणीत नाझी समर्थक आणि त्यांच्यापासून पळालेले ज्यू असा विपरीत सहवास घडला. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी केल्यावर बरेच जण सुटले, परंतु १९४० मध्ये धोरण पुन्हा कडक झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशस्थ ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर किल्ला मराठी वाचकास १६६५ च्या तहामुळे ठाऊक असतो. येथील छावणीचा उल्लेख क्वचितच आढळतो. येथे जर्मन ज्यू कुटुंबेही होती. बडोदा संग्रहालयाशी संबंधित कलेतिहासकार हेरमान गोएट्झ (हे स्वतः ज्यू नव्हते) यांनी येथील बंदिवासात किल्ल्याचा अभ्यास केला व पुढे त्यावर लेखन प्रसिद्ध केले.

छावणीबाहेर राहिलेल्यांनाही युरोपातील आप्तांची चिंता होती. ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकचे कुटुंब जुलै १९४२ पासून दोन वर्षे दडून राहिले, तरी अखेर पकडले गेले. अनेकांना लपायला जागाही मिळाली नाही. व्हिएन्नाहून १९३९ मध्ये मुंबईत आलेल्या नर्तकी हिल्डे होल्गर यांनी येथे नृत्यशाळा काढली, पारशी डॉक्टरांशी विवाह केला. मागे राहिलेली त्यांची आई, बहीण व इतर नातेवाईक नाझी संहारात मारले गेले. होल्गर १९४८ मध्ये लंडनला गेल्या.