जुनी कागदपत्रं स्कॅन झाली, पण सापडतात का? मोडी दफ्तरांचं डिजिटायझेशन समजून घेऊया

जुन्या कागदांचे स्कॅन काढून ते कम्प्युटरवर साठवणं म्हणजे डिजिटायझेशन, अशी व्याख्या बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. माझ्या मते ती अर्धीच आहे. स्कॅन झालेला कागद अभ्यासकाला शोधून सापडला, तरच काम पूर्ण झालं. मधला हा टप्पा नेमका काय असतो, ते आज पाहूया.

उदाहरण घेऊ पुण्याच्या पेशवे दफ्तराचं. इथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे आजच्या भाषेत फोल्डर समजा. असे हजारो रुमाल आहेत. ते चाळायचे तर पुण्यात मुक्काम हवा, मोडी यायला हवी आणि वेळ हवा. तंजावरच्या मराठी कागदांवर काम करणाऱ्याला किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला हे परवडणं अवघडच. स्कॅनमुळे हा प्रवास वाचतो, आणि मूळ कागदाची हाताळणीही कमी होते. हा फायदा खरा आहे.

स्कॅन करताना काय बघायचं?

ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला, तर कॉम्प्रेस न केलेली फाइल साधारण २६ एमबीची होते. एक लाख कागद म्हणजे २.६ टीबी. म्हणून काही जण काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून जागा वाचवतात. मला हे पटत नाही. त्यात शाई कुठली आणि डाग कुठला हेच कळत नाही. शिवाय मोडी पत्रांत अनेकदा पाठीमागेही शेरा किंवा शिक्का असतो. पाठ स्कॅन झाली नाही, तर ऑनलाइन बघणाऱ्यासाठी तो शिक्का नाहीच!

खरी अडचण: सर्च बॉक्स

समजा तुम्हाला १७५६-५७ सालचे कागद हवे आहेत. सर्चमध्ये १७५६ टाकलं, तर काहीच येणार नाही. कारण पेशवाईतल्या कागदावर साल असतं 'सबा खमसैन मया व अलफ'. ही अरबी शब्दांतली शुहूर सन आहे. सबा म्हणजे ७, खमसैन ५०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११५७. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणून १७५६. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या आसपास बदलतं, त्यामुळे पुढच्या जानेवारी ते मे महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. आता हा हिशोब कुणीतरी आधी करून प्रत्येक कागदाच्या नोंदीत इसवी सन भरलेलं असेल, तरच सर्च चालणार. या नोंदीलाच मेटाडेटा म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत सूची. स्कॅनर दिवसाला शेकडो पानं काढतो. सूचीकाराला एक पत्र वाचायलाही बराच वेळ लागू शकतो. बजेट मात्र स्कॅनरलाच आधी मिळतं.

मग एआयने वाचून घेऊ या, असं तुम्ही म्हणाल. प्रयत्न सुरू आहेत. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी करणाऱ्या मॉडेलसाठी दोन हजारांच्या आसपास चित्रांचा डेटासेट मांडला. पण मोडीत आधी सलग रेघ ओढून खाली अक्षरं लिहितात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. त्यामुळे मॉडेलने दिलेलं वाचन मी सध्या तरी फक्त 'कुठला कागद उघडायचा' हे ठरवायला वापरेन, पुरावा म्हणून नाही.

जे ऑनलाइन, तेच इतिहास?

गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात छापले गेले. त्यांचे स्कॅन आज घरबसल्या वाचता येतात. छापील देवनागरी असल्याने त्यात शब्दही शोधता येतो. याचा दुसरा परिणाम असा, की निवडलेला भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि न निवडलेला रुमालातच राहतो. सरदेसायांचा यात दोष नाही. आणखी एक गोष्ट सुटते ती म्हणजे शेजार. रुमाल सोडला की हव्या त्या पत्राच्या आधी-नंतरचे कागदही आपसूक नजरेखालून जातात. सर्च थेट एकाच कागदावर नेऊन सोडतो.

शोधताना हे करून बघा

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' पोर्टलवर इंग्रजी कारभारातल्या फायली शोधताना जुनं स्पेलिंग टाका: पुण्यासाठी 'पूना', शिंद्यांसाठी 'सिंदिया'. कागद सापडला की क्रमाने त्याच्या आजूबाजूच्या दहा-वीस नोंदीही उघडा. पाठीची बाजू दिसत नसेल, तर संस्थेला लिहून विचारा. आणि संदर्भ देताना नुसती लिंक देऊ नका, दफ्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांकही लिहा. वेबसाइट नवी झाली की लिंक तुटते, रुमालावरच्या नंबरावरून मात्र पुढचा माणूस तो कागद मागवू शकतो.