सितैन मया व अलफ ते एक आजूर : औरंगाबादच्या दप्तरांतील तारखांची मांडणी

सरकारी कार्यालयात आलेला कागद कोणाकडून, कोणत्या दिवशी आला आणि तेथून पुढे केव्हा रवाना झाला, याची ओळीने नोंद ठेवणाऱ्या वहीला मराठीत बारनिशी म्हणतात. संगणकातील माहितीसाठा, म्हणजे डेटाबेस, आपल्यावर झालेल्या प्रत्येक क्रियेची जी नोंद आपोआप ठेवतो आणि जिला लॉग हे नाव पडले आहे, ती स्वरूपाने याच बारनिशीची सख्खी बहीण आहे. दोन्हींत प्रत्येक ओळीच्या आरंभी काळ लिहिलेला असतो. तो कोणत्या पंचांगाने, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या क्षणापासून दिवस मोजून लिहायचा हे मात्र ओळ आपण होऊन सांगत नाही. ते अगोदर कोणीतरी ठरवून ठेवावे लागते. छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे जुन्या औरंगाबादने, हे ठरवणे गेल्या चार शतकांत इतक्या वेळा बदललेले पाहिले आहे, की तेथील दप्तरांचा इतिहास हा एका अर्थी तारखांच्या मांडणीचाच इतिहास ठरतो.

मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे वसवलेल्या या नगराला १६५३ साली औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत औरंगाबाद हे नाव मिळाले, आणि दख्खनच्या मोगल कारभाराचे कागद येथे साचू लागले. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील असे सुमारे दीड लाख कागद पुढे येथील किले अर्क या राजवाड्यातून हैदराबादेस नेण्यात आले. त्यांत मनसबदारांच्या चेहरेपट्ट्या आहेत, हुकूम आहेत आणि सियाहा-इ-हुजूर, म्हणजे दरबारी घडामोडींची दिनवार टिपणेही आहेत. या टिपणांवर दोन वर्षे आढळतात : एक हिजरी आणि दुसरे जुलूस, म्हणजे बादशाह तख्तावर बसल्यापासूनचे वर्ष. औरंगजेबाने आपले जुलूस वर्ष रमजानच्या पहिल्या तारखेपासून मोजण्याची आज्ञा केली आणि अकबराने सुरू केलेल्या इलाही सनाचे इराणी सौर महिने, फरवर्दीन, तीर, बहमन इत्यादी, कारभारातून काढून टाकले. दरबारातून निघालेले हे महिने दोन शतकांनंतर याच शहरातील कचेऱ्यांत पुन्हा अवतरले. त्याचा उल्लेख पुढे येईल.

हिजरी वर्ष निव्वळ चांद्र असल्यामुळे सुमारे ३५४ दिवसांचे असते, आणि म्हणून त्याचे महिने ऋतूंमधून सरकत जातात. तेहतीस हिजरी वर्षांत सौर वर्षे बत्तीसच होतात. पीक मात्र सूर्याने येते. सारावसुलीची तारीख चंद्रावर ठेवली तर रयतेला दर तेहतीस वर्षांत एकदा न पिकलेल्या शेताचा धारा भरावा लागेल, ही अडचण दख्खनमध्ये दोनदा आणि एकाच युक्तीने सोडवली गेली. महंमद तुघलकाच्या काळात, ज्याने आपली राजधानी या शहराशेजारच्या दौलताबादेस आणली होती त्याच सुलतानाच्या अमलात, हिजरी ७४५ म्हणजे इ. स. १३४४ च्या सुमारास हिजरीचा आकडा तसाच धरून पुढे तो सौर गतीने चालवण्यात आला. हा शुहूर सन, ज्याला मराठी कागदांत सुरसन किंवा अरबी सन म्हणतात. मग शाहजहानने १६३६ साली, हिजरी १०४६ असताना, दख्खनमध्ये फसली सन तसाच सुरू केला. फसल म्हणजे पीक, आणि नावातच हेतू उघड आहे. १३४४ ते १६३६ या २९२ सौर वर्षांत हिजरी ३०१ वर्षे पुढे गेला होता. तेव्हा शुहूर आणि फसली यांच्या आकड्यांत ९ चे जे अंतर कायम दिसते, ते म्हणजे चंद्राने सूर्यावर तीनशे वर्षांत मिळवलेली आघाडी होय, दुसरे काही नाही. दोन्हींचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी बदलत असे, म्हणून त्यांना मृगसाल असेही म्हणत.

मराठ्यांच्या कागदांत शुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहिला जाई. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० रोजी झाली आणि तिच्यानंतरच्या तहात दौलताबादचा किल्ला निजामाकडून मराठ्यांना मिळाला. त्या दिवसाचा शुहूर सन ‘सितैन मया व अलफ’, म्हणजे साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६०. त्याच दिवशी फसली ११६९, हिजरी ११७३ आणि शके १६८१ चालू होते. अकरा महिन्यांनी पानिपत घडले तेव्हा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’ झाला होता : एक, साठ, शंभर, हजार. लहान स्थान आधी आणि मोठे नंतर, अशी ही मांडणी आहे. अक्षरी लिहिलेल्या सनात एखादा आकडा गुपचूप बदलणे कठीण, हा तिचा गुण. परंतु कागदांची चळत केवळ सनाच्या लेखनावरून क्रमाने लावणे अशक्य, हा तिचा तितकाच मोठा दोष.

याच कागदांत महिन्याची तारीख ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी चांद्रमासाने दिलेली असते आणि पत्र हाती आल्यावर घेणारा त्यावर पैवस्तगी, म्हणजे पोचल्याची तारीख, स्वतंत्रपणे टाकतो. लिहिल्याची वेळ वेगळी आणि पोचल्याची वेगळी, ही जाण आजच्या कित्येक संगणकप्रणालींत आढळत नाही. त्यांच्यात एकच वेळ नोंदली जाते आणि ती कोणत्या टोकाची हे शोधत बसावे लागते. दिवस केव्हा बदलतो हा प्रश्नही तेव्हा सुटा नव्हता, कारण मुसलमानी तारीख सूर्यास्ताला बदलते, पंचांगातील वार सूर्योदयाला आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. रात्री घडलेल्या एकाच घटनेला म्हणूनच दोन वेगळे दिवस मिळू शकतात. औरंगजेबाचा मृत्यू अहमदनगर येथे २८ जिल्काद १११८ रोजी झाला. त्याची इंग्रजी तारीख जुन्या ज्युलियन गणनेने २० फेब्रुवारी आणि ग्रेगोरियन गणनेने ३ मार्च १७०७ अशी येते. इंग्रजांनी आपले पंचांग १७५२ साली सुधारले आणि तोपर्यंत त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने, त्या काळच्या इंग्रजी कागदात तो १७०६ सालीच मरण पावलेला असू शकतो. खुलताबादेतील त्याची कबर पाहणाऱ्याला पुस्तकागणिक वेगळी तारीख आढळते ती यामुळे.

आसफजाही अमलात फसली सन हैदराबाद संस्थानाचा अधिकृत सन झाला, आणि त्याला महिने मिळाले ते औरंगजेबाने टाकलेल्या इराणी नावांचेच. वर्षाचा आरंभही मृगावरून हलला : सरकारी फसली वर्ष १ आजूरपासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून, सुरू होऊ लागले, आणि आजूर, दै, बहमन, इस्फंदार असा क्रम आबानपर्यंत चाले. याचा परिणाम अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. जुलै १९०० हा महिना मृगसालाच्या हिशेबाने फसली १३१० मध्ये पडतो, तर हैदराबादी हिशेबाने १३०९ मध्ये. मद्रास इलाख्यातील फसली तर १ जुलैलाच बदले. शब्द एक, आकडा एक, आणि वर्षे दोन. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा, आणि जहागिरी रद्द करणारा विनियम १३५८ फसलीचा, म्हणजे १९४९ चा. परंतु त्यापुढचा कुळकायदा नुसता १९५० चा आहे, आणि संस्थानाची मांडणी नेमकी कोठे संपली हे कायद्यांच्या नावांवरूनच कळते. सतरा सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन होण्याच्या मार्गाला लागले तेव्हा निजामाच्या कचेरीत फसली १३५७ चा आबान चालू होता.

घड्याळाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हैदराबाद ते मनमाड ही मीटर गेज रेल्वे १९०० साली औरंगाबादवरून धावू लागली, आणि तिच्याबरोबर गावच्या दुपारपेक्षा वेगळी अशी रेल्वेची दुपार आली; त्या काळी रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेने चालत. भारतीय प्रमाणवेळ, ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, ही १९०६ पासूनची. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात तीही एक तास पुढे ओढलेली होती, आणि संगणकांतील वेळविभागांच्या जागतिक कोष्टकात कोलकात्याच्या नावाखाली हा तास आजही नोंदलेला सापडतो.

डेटाबेसच्या लॉगची तारीख ठरवताना आज जे पर्याय समोर येतात ते या पार्श्वभूमीवर अनोळखी वाटत नाहीत. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या प्रमाणाने वर्ष, महिना, दिवस असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम सांगितला, ज्यामुळे नोंदी नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात; सितैन मया व अलफच्या बरोबर उलट ही रीत आहे. ०३/०४ असे लिहिले तर ते ३ एप्रिल की ४ मार्च हे पोस्टग्रेससारखी प्रणाली आपल्याला दिलेल्या क्रमानुसार ठरवते. जावा या संगणकीय भाषेत तारीख-वेळ लिहिण्याच्या नमुन्यात रोमन लिपीतला मोठा एम महिन्यासाठी आणि छोटा एम मिनिटासाठी असतो, मोठा एच चोवीस तासांच्या घड्याळासाठी आणि छोटा बारा तासांच्या. एवढ्याशा फरकाने दुपारी अडीचची नोंद पहाटे अडीचची होऊन बसते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. वेळेपुढे साडेपाच तासांचा फरक लिहिलेला नसेल, तर ती वेळ ग्रिनिचची की येथली हे कळण्याचा मार्ग उरत नाही. जुना कारकून एका कागदावर दोन सन घाली, तो त्याचा बडेजाव नव्हता.

मराठवाड्यातील खासरा, पाहणीपत्रके आणि उर्दू व मोडी दस्त शोधून ते संगणकावर आणण्याचे काम २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले आहे. हे काम करणाऱ्यांनी रूपांतरित इंग्रजी तारखेच्या शेजारी मूळ फसली तारीख, महिन्याच्या नावासह आणि जशी लिहिली आहे तशी, वेगळ्या रकान्यात उतरवून ठेवावी. रूपांतर चुकले तर ते पुन्हा करता येईल, पण मूळ तारीख एकदा गाळली की ती परत आणण्यासाठी कोणाला तरी पुन्हा तो जीर्ण कागदच उघडावा लागेल.