एक गाय, सातशे पौंड आणि एक हरवलेला पक्षी

याकोब नीमायर या जर्मन शेतकऱ्याला गाय घ्यायची होती आणि हातात पैसे नव्हते. बव्हेरियातल्या आइखश्टेट गावाजवळ त्याला चुनखडीची एक फरशी सापडली होती. तिच्यावर पंख पसरलेला एक प्राणी उमटलेला होता. १८७६ साली त्याने ती एका खानावळवाल्याला विकली आणि गाय घेतली. आज ती फरशी बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. पाठ्यपुस्तकात आर्किऑप्टेरिक्सचा फोटो पाहिला असेल, तर तो बहुधा हिचाच.

एखाद्या डायनोसॉरच्या सांगाड्याचा लिलाव झाला की दरवेळी वाद पेटतो, की जीवाश्म खासगी माणसांना विकावेत का? एक बाजू म्हणते, ही सगळ्या जगाची ठेव आहे. दुसरी म्हणते, जमीन माझी, खणलं मी, मग विकणार मीच. मला या भांडणाकडे नीमायरच्या गायीपासून बघायला आवडतं. कारण आर्किऑप्टेरिक्सचा सगळा इतिहास हा खरेदी-विक्रीचाच इतिहास आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना अडचणीत आणणारे प्रसंग आहेत.

आधी दगडाबद्दल थोडं. झोल्नहोफेन परिसरातली ही चुनखडी इतकी बारीक पोताची आहे की तिच्यावर चित्र किंवा मजकूर काढून छपाई करता येते. आपल्याकडे ज्याला शिळाप्रेस म्हणायचे, ते तंत्र १७९६च्या सुमारास याच दगडावर जन्माला आलं. छपाईसाठी निर्दोष दगड हवा, म्हणून मजूर हाताने एकेक थर सुटा करून बघत. जो दगड अक्षराची रेघ धरतो, तो पिसाचीही धरतो. त्यामुळे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे मासे, कोळंब्या, चतुर त्यात जसेच्या तसे मिळत. मजुरांना या वस्तूंचे पैसे होतात हे माहीत होतं. पापेनहाइमचे डॉक्टर कार्ल हेबरलाइन तर फीऐवजी जीवाश्म घेत.

१८६१ मध्ये या डॉक्टरांकडे एक विचित्र फरशी आली. प्राण्याला पिसं होती, पण शेपूट सरड्यासारखं लांब, हाडांचं. डार्विनचं पुस्तक येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि ‘मधले प्राणी दाखवा’ असं विरोधक म्हणत होते. हा तसा प्राणी होता. डॉक्टर व्यवहाराला पक्के होते. लोकांना फरशी बघू देत, चित्र मात्र काढू देत नसत. म्युनिकच्या आल्बर्ट ओपेलने ती मन लावून पाहिली आणि नंतर आठवणीतून चित्र काढलं, अशी हकीकत सांगतात. म्युनिकच्याच आन्द्रेआस वाग्नरने तर फरशी न बघता, ऐकीव माहितीवरून, हा पिसांसारखं काहीतरी असलेला सरपटणारा प्राणी आहे असं जाहीर केलं आणि डार्विनवाल्यांनी हुरळून जाऊ नये असं बजावलं.

१८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने डॉक्टरांचा संग्रह ७०० पौंडांना घेतला. त्यामागे रिचर्ड ओवेन होता, डार्विनचा कट्टर विरोधक. त्याने १८६३ मध्ये वर्णन छापलं. १८६५ मध्ये जॉन इव्हान्स या कागद कारखानदाराला, जो स्वतः हौशी संग्राहक होता, त्याच फरशीवर दात असलेल्या जबड्याचा तुकडा दिसला. माझ्या मते ७०० पौंडांची खरी किंमत इथे वसूल झाली. फरशी विकत घेणारा डार्विनच्या विरोधात होता, तरी ती कुणाच्या दिवाणखान्यात नव्हती. तिच्यासमोर जाऊन ओवेनच्या पुढचं पाहणं दुसऱ्या माणसाला शक्य झालं.

नीमायरची फरशीही फिरत फिरत हेबरलाइनच्याच मुलाकडे, एर्न्स्टकडे पोचली. त्याने ती विकायला काढली. यावेळीही ती परदेशी जाणार अशी चिन्हं होती. शेवटी उद्योगपती वेर्नर सीमेन्सने पुढे केलेल्या पैशातून ती २०,००० मार्कांना बर्लिनमध्ये राहिली. गायवाल्या शेतकऱ्याला यातलं काही मिळालं नाही, हे सांगायला नकोच. जीवाश्मांच्या बाजारात पहिला विकणारा आणि शेवटचा विकणारा यांच्यातली दरी तेव्हापासून तशीच आहे.

इथवर बाजाराची बाजू भक्कम वाटते. मजुरांना मोबदल्याची आशा नसती तर या फरश्या खाणीच्या कचऱ्यात गेल्या असत्या. इंग्लंडमध्ये मेरी ॲनिंगनेही इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर शोधून विकूनच पोट भरलं. विक्री हे पापच, असं म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे बघावं.

आता तिसरा सांगाडा. तो १९५६ मध्ये झोल्नहोफेनजवळच्या खाणीत निघाला. कुणाच्या लक्षात न आल्यामुळे तो दोन वर्षं खाणीवरच्या खोपट्यात पडून होता. १९५९ मध्ये एर्लांगेनच्या फ्लोरियान हेलरने त्याचं वर्णन छापलं. खाणमालक एडुआर्ड ओपित्श याने तो माक्सबेर्गच्या स्थानिक संग्रहालयात ठेवू दिला. तो विकायच्या वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. १९७४ मध्ये ओपित्शने सांगाडा घरी नेला आणि त्यानंतर संशोधकांना तो दाखवायला नकार देत राहिला. १९९१ मध्ये तो वारला. वारसांनी घर पाहिलं, तर सांगाडा नव्हता. पोलिसांत तक्रार झाली, तपास झाला. त्याने गुपचूप विकला असेल, थडग्यात बरोबर नेला असेल, अशा अफवा उठल्या. सांगाडा आजवर मिळालेला नाही. मागे उरले आहेत फोटो, क्ष-किरण चित्रं आणि साचे.

साचा आहे ना, मग काय बिघडलं? साच्यात आपल्याला आधीच दिसलेलं असतं तेवढंच असतं. याचं उत्तर शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये सापडतं. तिथला आर्किऑप्टेरिक्स, मोजणीत चौदावा, १९९० पूर्वी खाणीतून निघून तीसेक वर्षं खासगी हातात होता. संग्रहालयाने तो २०२२ मध्ये मिळवला, सीटी स्कॅन आणि अतिनील प्रकाश वापरून महिनोन्‌महिने साफ केला. २०२५ मध्ये निबंध आला तेव्हा त्यात दंड आणि अंग यांच्यामधली जागा भरणारी पिसं होती. अशी पिसं आर्किऑप्टेरिक्समध्ये आधी कुणी दाखवलेली नव्हती. त्याच्या उडण्याबद्दलच्या वादात ती थेट पुरावा ठरतात. तो संग्राहक ओपित्शसारखा निघाला असता, तर ही पिसं कुणाला दिसली नसती.

म्हणून मला ‘विकावं की नाही’ हा प्रश्न चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. आमच्या देवघरात आजीचा शाळिग्राम आहे. तोही जीवाश्मच, गंडकी नदीतला अमोनाइट. त्याची किंमत करू नये असं आजी म्हणायची, पण कुणी केली तरी विज्ञानाचं फारसं बिघडत नाही, कारण अमोनाइट अगणित आहेत. आर्किऑप्टेरिक्सचे सांगाडे चौदा-एक आहेत. दोन्हींना एकच नियम लावणं म्हणजे रद्दीतला पेपर आणि एकुलतं हस्तलिखित एकाच तराजूत टाकणं.

बाजारभाव आणि ज्ञान यांचं नातंही विचित्र आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. लिलावात त्यांच्याकडे कोण बघणार! पण त्यांच्यात गवताच्या सूक्ष्म खुणा सापडल्या आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. उलट टी-रेक्सचं नाव मोठं. १९९७ मध्ये ‘सू’ ८३.६ लाख डॉलरना गेली, तरी मॅकडॉनल्ड्स आणि डिस्ने यांच्या मदतीने फील्ड म्युझियमला ती परवडली. २०२० मध्ये ‘स्टॅन’ ३.१८ कोटींना गेला. तो अबुधाबीच्या सरकारी संग्रहालयासाठी घेतलाय हे कळायला दीड वर्ष लागलं. अमेरिकेत खासगी जमिनीतलं हाड जमीनमालकाचं, त्यामुळे हे सगळं कायदेशीरच. थॉमस कार यांनी २०२५ मध्ये केलेल्या मोजणीत टी-रेक्सचे अभ्यासायोग्य नमुने सार्वजनिक संग्रहांत ६१ आणि खासगी वा व्यापारी हातांत ७१ निघाले.

जुलै २०२४ मध्ये ‘एपेक्स’ या स्टेगोसॉरसने ४.४६ कोटी डॉलरचा विक्रम केला. घेणारे केन ग्रिफिन हे गुंतवणूकदार. त्यांनी तो न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला उसना दिला आणि संशोधनाला परवानगीही दिली. लोक रांगा लावून बघतात. उसनवारीची मुदत चार वर्षांची आहे.