कारखान्याचं फाटक आणि नर्सिंग होमची खिडकी

परवा आईशी फोनवर बोलताना कसा कोण जाणे, लॉकडाऊनचा विषय निघाला. "तुमच्याकडचे लोक फारच लाडावलेले रे! मास्क लावा म्हटलं की मोर्चे काढत होते," हे तिचं ठाम मत. तिने टीव्हीवर पाहिलं ते खोटं नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये सॅक्रॅमेंटोला, म्हणजे आमच्या कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, विधानभवनासमोर खरंच गर्दी जमली होती. पण इथे फ्रीमाँटमध्ये बसून मी जो वैताग पाहिला तो निदान दोन जातींचा होता आणि त्यातला एकच टीव्हीवर आला. दुसऱ्याबद्दल आईला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी थोड्या तारखा. १६ मार्च २०२०, सोमवार. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या भोवतालच्या सहा काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) एकत्र हुकूम काढला की रात्री बारा वाजून एक मिनिटापासून सगळ्यांनी घरी बसायचं. अमेरिकेतला असा हा पहिलाच हुकूम. राज्याचा हुकूम त्यानंतर तीन दिवसांनी आला. फ्रीमाँट अलामिडा काउंटीत येतं, त्यामुळे आम्हीही त्यात होतो. गंमत म्हणजे या हुकमावर सही गव्हर्नरची नव्हती की महापौराची नव्हती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात काउंटीच्या हेल्थ ऑफिसरला साथीच्या काळात प्रचंड अधिकार असतात. निवडून न आलेली, एरवी कुणाला नावही माहीत नसलेली डॉक्टर मंडळी एकमेकांना फोन करतात काय आणि जवळपास सत्तर लाख माणसं घरात बसतात काय! शेजारच्या सांता क्लारा काउंटीच्या डॉ. सारा कोडी यात पुढे होत्या. पुढे त्यांना इतक्या धमक्या आल्या की घराला पोलिस संरक्षण द्यावं लागलं.

पहिला हुकूम ७ एप्रिलपर्यंत होता. तो संपायच्या आधीच ३ मेपर्यंत वाढला, मग मे अखेरपर्यंत. मुंबईच्या लोकलची घोषणा आठवा. गाडी दहा मिनिटं उशिरा, मग अजून दहा मिनिटं, मग अजून दहा. पहिल्यांदाच "एक तास" सांगितलं असतं तर माणूस निमूटपणे वडापाव खायला गेला असता. माझ्या मते इथल्या लोकांचा संयम आजारापेक्षा या घोषणांनी जास्त सुटला. तीन आठवडे घरी बसायला बहुतेक सगळे तयार होते. तिसरी घोषणा आली तोवर सलूनवाला, रेस्टॉरंटवाला, नाइल्समधला जुन्या वस्तूंचा दुकानदार, सगळेच विचारायला लागले की हे नक्की कशासाठी आणि कधीपर्यंत.

याच प्रश्नाचा सगळ्यात मोठा आवाज आमच्या गावातूनच निघाला. फ्रीमाँटचा टेस्लाचा कारखाना तुम्हाला ऐकून माहीत असेल. १९६२ ते १९८२ तिथे जनरल मोटर्सच्या गाड्या बनत, १९८४ पासून २०१० पर्यंत जनरल मोटर्स आणि टोयोटाचा भागीदारीतला कारखाना होता, मग टेस्ला आली. २०२० मध्ये तिथे सुमारे दहा हजार माणसं काम करत. २३ मार्चला कारखाना बंद झाला. एप्रिलच्या शेवटी इलॉन मस्कने गुंतवणूकदारांसमोर या हुकमाला फॅसिस्ट म्हटलं. (याच गृहस्थांनी मार्चमध्ये भाकीत केलं होतं की एप्रिल संपेपर्यंत नवे रुग्ण जवळपास शून्यावर येतील. असो.) ९ मे रोजी टेस्लाने काउंटीवर दावा ठोकला, मुख्यालय राज्याबाहेर नेण्याची धमकी दिली आणि ११ मे रोजी काउंटीला न जुमानता उत्पादन सुरू केलं. अटक करायची तर फक्त मला करा, असंही मस्कने ट्विटरवर जाहीर करून टाकलं. अटक कुणालाच झाली नाही. फ्रीमाँटच्या महापौर लिली मे यांनी तर कारखाना सुरू होण्याच्या बाजूनेच निवेदन काढलं होतं. काउंटीच्या हंगामी हेल्थ ऑफिसर डॉ. एरिका पॅन यांनी १८ मेपासून परवानगीची वाट काढली आणि २० मेला टेस्लाने दावा मागे घेतला. पुढे २०२१ मध्ये उघड झालेल्या आकडेवारीनुसार मे ते डिसेंबर २०२० मध्ये या कारखान्यात सुमारे ४५० जणांना लागण झाली. मुख्यालय त्याच वर्षी टेक्ससला गेलं. कारखाना इथेच राहिला.

मराठी माणसाला इथे १८९७ चं पुणं आठवणारच. प्लेग, रँड, घराघरांत घुसणारे सोल्जर, देवघरापर्यंत गेलेले बूट, आणि २२ जूनची गणेशखिंड. मी मात्र ही तुलना फार ताणणार नाही. पुण्यात घर उघडून झडती घेत होते, इथे घर बंद करून बसायला सांगत होते. तिथे परकं सरकार होतं, इथे आपणच निवडून दिलेलं. तरी एक धागा सरळ आहे: फेब्रुवारी १८९७ चा तो साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने पुन्हा बाहेर काढला. सव्वाशे वर्षं जुनं कुलूप, किल्लीही तीच.

आमच्या खाडीचा स्वतःचा इतिहासही आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सॅन फ्रान्सिस्कोने मास्क सक्तीचा केला, नोव्हेंबरमध्ये तो उतरवला आणि साथ परत चढल्यावर जानेवारी १९१९ मध्ये पुन्हा लादला. त्या दुसऱ्या वेळेला लोक भडकले. चक्क 'अँटी-मास्क लीग' निघाली आणि तिच्या सभेला हजारोंनी माणसं जमली. महापौर जेम्स रॉल्फ स्वतः मुष्टियुद्धाच्या सामन्याला मास्क न लावता सापडले आणि पन्नास डॉलर दंड भरून मोकळे झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये गव्हर्नर न्यूसम नापा व्हॅलीतल्या 'फ्रेंच लाँड्री' नावाच्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये मेजवानीला गेलेले सापडले, तेव्हा रॉल्फसाहेबांची आठवण आली. तेव्हाही लोक पहिल्या बंदीवर चिडले नव्हते, दुसऱ्या बंदीवर चिडले. हे कुणीतरी २०२० च्या मार्चमध्ये वाचायला हवं होतं.

आता दुसरा वैताग.

नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडे गल्लीतल्या डॉक्टरांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. इथे तो वृद्धाश्रम आणि हॉस्पिटल यांच्या मधला प्रकार असतो. खुब्याचं हाड मोडलेले, अर्धांग झालेले, स्मृती गेलेले लोक तिथे राहतात. एका खोलीत दोन-तीन खाटा. हॉस्पिटलनंतर मेडिकेअर जास्तीत जास्त शंभर दिवसांचे पैसे देतं, तेही अटींवर. मग घरचे पैसे संपेपर्यंत स्वतःचे, ते संपले की गरिबांसाठीची सरकारी योजना. उचलणं, पुसणं, भरवणं हे सगळं काम करणाऱ्या साहाय्यक बायकांना (आमच्या भागात त्यांत फिलिपिनो पुष्कळ) इतका कमी पगार असतो की अनेकजणी दोन ठिकाणी पाळ्या करतात. नंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी मोबाइल फोनच्या नोंदी तपासल्या, तर नर्सिंग होममध्ये दिसलेल्या फोनांपैकी सुमारे सात टक्के दुसऱ्याही नर्सिंग होममध्ये दिसले. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर आम्ही टाकीचं झाकण घट्ट लावलं आणि तळाचा नळ उघडाच ठेवला.

पहिली धोक्याची घंटा फेब्रुवारीच्या शेवटीच वाजली होती, सिॲटलजवळच्या कर्कलंडमध्ये. १३ मार्चला केंद्राने देशभरातल्या नर्सिंग होममध्ये भेटी बंद करायला सांगितलं. नातेवाईक बाहेर राहिले, पण कर्मचाऱ्यांना तर जावंच लागणार. तेव्हा ना पुरेसे मास्क, ना चाचण्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या उत्तरेला हेवर्डच्या एका नर्सिंग होममध्ये रहिवासी आणि कर्मचारी मिळून साठाच्या आसपास बाधित निघाले, डझनाहून जास्त रहिवासी पुढे गेले आणि जिल्हा सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. कर्मचाऱ्यांच्या नियमित चाचण्या केंद्राने सक्तीच्या केल्या त्या ऑगस्टच्या शेवटी! मार्च २०२१ पर्यंत देशातल्या कोविड मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त अशा दीर्घकालीन देखभालीच्या ठिकाणचे होते. मार्चचा लॉकडाऊन मला आजही बरोबर वाटतो. पण त्याने मिळालेला वेळ ज्यांच्यासाठी सगळ्यात आधी वापरायला हवा होता, त्यांच्यासाठी वापरला नाही, याची चीड मला मस्कच्या ट्विटपेक्षा जास्त आहे.

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजी राहतात. त्यांचे यजमान तेव्हा अशाच एका ठिकाणी होते, पक्षाघातानंतर. मार्चपासून दर शनिवारी मी आजींना गाडीने तिथे सोडायचो. घडीची खुर्ची टाकून त्या खिडकीबाहेर बसत, आतली बाई फोन त्यांच्या यजमानांच्या कानाला धरी. ते बहुतेक वेळा खिडकीकडे न बघता फोनकडेच बघत. आवाज कुठून येतो ते त्यांना कळत नसावं. एकदा परतताना आजी म्हणाल्या, "एक्कावन्न वर्षं मी त्याच्या शेजारी झोपले. आज येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्याला हात लावू शकते, मी सोडून." मी हुकमाची बाजू समजावायला गेलो. मुळात मीच तेव्हा आकड्यांचे तक्ते करून मित्रांना पाठवत असे. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीची काच खाली केली.

सप्टेंबरमध्ये उघड्यावर भेटायला परवानगी मिळाली, तेव्हा त्या दोनदा भेटल्या. मग हिवाळ्याची लाट आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या काउंटीने पुन्हा घरी बसवलं. जानेवारीत यजमानांना लस मिळाली. कोविड त्यांना कधीच झाला नाही. त्यांनी हळूहळू खाणं सोडलं आणि फेब्रुवारीत ते गेले. अगदी शेवटच्या दुपारी गाऊन आणि हातमोजे घालून आजींना आत सोडलं होतं. घरातल्या खोलीत भेटायची परवानगी केंद्राने सगळ्यांना दिली ती १० मार्चला. त्यांचं जाणं कुठल्याच तक्त्यात नाही, माझ्याही नाही.

त्या वर्षी १४ सप्टेंबरला गव्हर्नरला परत बोलवायचं की नाही यावर मतदान झालं. साधारण बासष्ट टक्के लोकांनी न्यूसमना ठेवलं. मतपत्रिका घरी टपालाने आल्या होत्या. आजींना गुडघ्यामुळे चालवत नव्हतं, म्हणून त्यांचा सही केलेला लिफाफा मीच पेटीत टाकून आलो. कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.