उसन्या भागांची गाडी

कोल्हापूरला आमच्या आजोळी, घरामागच्या पत्र्याच्या पडवीत, एक मोटार उभी आहे. मोटार म्हणजे मिरवायची नव्हे, ओझ्याची. पुढे तिघे दाटीवाटीने बसतील एवढे केबिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि हौद्याला साखळ्यांवर झुलणारा फाळका. अमेरिकेत अशा गाडीला पिकअप म्हणतात. आजोळी तिला नुसते ‘शेवरलेट’ म्हणत. १९५१ सालची ही गाडी आजोबांनी गुळाच्या धंद्यासाठी घेतली, मामांनी ती जन्मभर चालविली, आणि गेली पंचवीसएक वर्षे ती एका जागी उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. गेल्या वर्षी पुण्याकडचे एक हौशी गृहस्थ गाडी पाहायला आले आणि किंमत सांगून गेले. मामींनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, “तू पुस्तकं लिवतोस, तुला कळंल. इकायची का ठेवायची, तेवढं बघून सांग.”

आता मी पडलो चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि पुढे चित्रकलेची पदविका. तीनचार कादंबऱ्या नावावर आहेत, पण त्यांतल्या एकाही नायकाला मोटार दुरुस्त करता येत नाही! तरीही मामींचा शब्द मोडवेना. म्हणून मी गाडीचा इतिहास धुंडाळायला बसलो. वाचकहो, त्या धुंडाळण्यात जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. फराळाच्या ताटाशी हे लोखंड कदाचित विसंगत वाटेल. पण शेवटी ही कथा एका घराचीच आहे.

जुनी गाडी दुसऱ्या गाडीचे भाग घालून जगविता येते, हे आपण इतके गृहीत धरतो की कधीकाळी तसे नव्हते याचा विसर पडतो. पहिल्या मोटारी कारागिराने एकेक करून घडविलेल्या असत. एकीचा दट्ट्या दुसरीच्या सिलिंडरात बसेलच असे नसे. कानस घेऊन घासावे, ठोकावे, मग कुठे तो जागेवर जाई. १९०८ साली इंग्लंडात रॉयल ऑटोमोबाइल क्लबाने एक परीक्षा घेतली. अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर चालवून पाहिल्या, मग त्यांचा खिळान्‌खिळा सोडविला आणि तिन्हींचे भाग एका ढिगात मिसळून टाकले. त्या ढिगातून, हाती फक्त पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, पुन्हा तीन मोटारी उभ्या करायच्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. आणि नुसत्या उभ्याच राहिल्या नाहीत, तर त्यांनी प्रत्येकी ५०० मैल धावून दाखविले. कंपनीला त्याबद्दल मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. माझ्या मते, भंगारातून गाडी जगविणाऱ्या जगातल्या यच्चयावत मिस्त्र्यांचा वंश त्या ढिगापासून सुरू होतो.

त्याच साली हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. ती शेतकऱ्याच्या दारी पोहोचली तेव्हा त्याने पहिले काम कोणते केले असेल, तर मागची बाजू कापून तिथे लाकडाची पेटी बसविली. पुढे १९२५ साली फोर्डने कारखान्यातच तसा हौदा लावून गाडी विकायला काढली; किंमत २८१ डॉलर. म्हणजे पिकअप ही जातच मुळी जोडकामातून जन्मली.

आमची शेवरलेट ज्या पिढीतली, ती पिढी १९४७ च्या उन्हाळ्यात आली. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने खाजगी मोटारींचे उत्पादन थांबविले होते. लोकांनी जुन्या गाड्या कशाबशा रेटल्या होत्या आणि नव्या गाडीसाठी देश भुकेला होता. या नव्या गाडीचे नाक गोल आणि तोंडावर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. १९५१ साली दाराच्या काचेशेजारी वारा घ्यायला एक त्रिकोणी झडप आली. ती आमच्या गाडीला आहे. लहानपणी ती उघडून नाक बाहेर काढण्यासाठी आम्हा भाच्यांची मारामारी होई. बॉनेटखाली सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंचांचे पेट्रोल इंजिन. ताकद सुमारे ९० अश्वशक्तीची. वीज सहा व्होल्टची.

हे इंजिन मोठे सोशिक, पण त्याचे एक मर्म होते. त्यातल्या बेअरिंगांना पांढरा मिश्रधातू ओतून लावलेला असे. आपले मिस्त्री त्याला ‘व्हाइट मेटल भरणे’ म्हणतात. आणि तेल दाबाने सगळीकडे पोहोचत नसे. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला पळी असे, ती तेलात बुडून उडवील तेवढेच तेल रॉडच्या बेअरिंगला मिळे. सावकाश चालवा, गाडी जन्मभर साथ देईल. दामटा, की मेटल वितळलेच. कंपनीने १९५४ साली या पिकअपला दाबाने तेल पुरविणारे मोठे इंजिन दिले. १९५५ साली तर आठ सिलिंडरांचे, २६५ घनइंचांचे आटोपशीर व्ही-८ निघाले.

या व्ही-८ ने अमेरिकेत एक गंमत केली. त्याचा ठेवणीचा साचा कंपनीने पुढे कित्येक दशके फारसा बदलला नाही. त्यामुळे ठोकर खाऊन मोडीत निघालेल्या नव्या गाडीचे इंजिन जुन्या गाडीत बसविणे सोपे झाले. युद्धानंतर तिथल्या तरुणांत जुन्या गाडीला नवा जोर देण्याचे वेड पसरलेच होते. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही त्यासाठी निघाले. सहा व्होल्टच्या जागी बारा, डायनमोच्या जागी अल्टरनेटर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे सारे मोडीच्या अंगणातून उचललेले. तिथे जुनी गाडी जगविण्याचे दोन पंथ झाले. एक म्हणतो, जशी कारखान्यातून निघाली तशीच राखा. दुसरा म्हणतो, रूप जुने ठेवा, पण ती आजच्या रस्त्यावर चालली पाहिजे. हे दोन पंथ आजही एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहतात.

अमेरिकेत हा हौसेचा मामला होता. आपल्याकडे तो पोटाचा झाला.

जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. भाग समुद्रापारहून यायचे, गाडी इथे उभी राहायची. आमची शेवरलेट तिथलीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापून कुर्ल्याला कारखाना उभारला होता. पण स्वतंत्र झालेल्या देशाला नुसती जुळणी नको होती, घडण हवी होती. १९५३ साली सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना मोटार इथेच घडवायची असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचे कुलूप लावले. त्याच साली जमशेदपूरहून टाटांची मर्सिडीझ-बेंझ मालमोटार बाहेर पडली. देशाच्या दृष्टीने पाऊल योग्यच पडले. पण रस्त्यावर ज्या हजारो शेवरलेट आधीच धावत होत्या त्यांचे माहेर मात्र तुटले. सुटा भाग आणायचा तर आयातीचा परवाना हवा. तो गुळाच्या व्यापाऱ्याला कोण देतो?

तेव्हा कामी आले ते उद्यमनगरातले मिस्त्री. कोल्हापूरच्या या वसाहतीत ऑइल इंजिने घडत, ओतकामाच्या भट्ट्या पेटत, लेथ फिरत. आमच्या गाडीचे मिस्त्री तिथेच एका गाळ्यात बसत. शाळा चौथीपर्यंत. पण भाग हातात घेऊन डोळे मिटले की, तो कुठे झिजला आहे हे सांगत. त्यांनी दोनदा इंजिनाला मेटल भरले. तिसऱ्यांदा, १९६८ साली, ते मामांना म्हणाले, “मालक, आता ह्याला सुखानं जाऊ द्या. डिझेल घालू.”

डिझेल त्या काळी पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त होते, आणि एका लिटरात जास्त पल्ला जाई. म्हणून देशभर पेट्रोल इंजिने उतरवून डिझेलची चढविली जात होती. मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या गाडीचे चार सिलिंडरांचे पर्किन्स इंजिन मिळविले. पण नुसते इंजिन बदलून भागत नाही. या शेवरलेटचा मागचा अॅक्सल एका बंद नळीने गिअरबॉक्सशी जखडलेला असतो. चाके गाडीला जो रेटा देतात, तो त्या नळीतून पुढे गिअरबॉक्सवर आणि इंजिनाच्या बैठकीवर येतो. गिअरबॉक्स बदलावा तर अॅक्सलही बदला. म्हणजे सगळी गाडीच बदला. मिस्त्रींनी गिअरबॉक्स तसाच ठेवला. पोलादाची एक जाड तबकडी कापून तिला एका बाजूने पर्किन्सची भोके पाडली आणि दुसऱ्या बाजूने शेवरलेटची. दोन अनोळखी लोखंडे त्या तबकडीने सोयरी झाली. डिझेल फिरवायला सेल्फला जोर जास्त लागतो, म्हणून वीज बारा व्होल्टची केली. वेग कमी झाला, आवाज वाढला. पण गाडी धंद्याला परवडू लागली. तिच्यावर मामांनी दोन बहिणींची लग्ने केली. त्यांतली एक माझी आई.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. १९८६ ची दिवाळी तोंडावर होती. गुळाच्या ढेपा भरून मामा गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होते आणि सहा वर्षांचा मी शेजारी त्रिकोणी झडपेपाशी बसलो होतो. एका वळणावर मामांचा पाय ब्रेकवर गेला आणि तसाच फळीला टेकला. चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच होता आणि वाटही एकच. कुठेतरी एक नळी फुटली आणि सगळेच ब्रेक गेले. मामांनी गाडी खालच्या गिअरात टाकली, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला घासत घासत ती थांबविली. कितीतरी वेळ ते चक्राला धरून बसले होते. मग एवढेच म्हणाले, “मामीला सांगू नकोस.”

मी सांगितले नाही. पण दिवाळीनंतर मिस्त्रींनी अपघातात मोडलेल्या एका व्हॅनचा दुहेरी मास्टर सिलिंडर आणून बसविला. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटा निराळ्या. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबविते. अमेरिकेत ही व्यवस्था १९६७ च्या सुमारास सगळ्या नव्या मोटारींत आली होती. सिलिंडरचा व्यास जुन्याशी जुळला नाही तर पेडल दगडासारखे तरी होते किंवा खोल तरी जाते. म्हणून मिस्त्रींनी चार सिलिंडर लावून पाहिले, तेव्हा पाचवा पसंत पडला.

आता पुण्याच्या गृहस्थांकडे वळतो. माणूस सज्जन आणि जाणता. त्यांनी मला नियम समजावून दिला. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी काढली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी; सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले होते की, कारखान्याने ठरविलेले गाडीचे मूळ स्वरूप मनाने बदलता येत नाही.

“तुमची गाडी या व्याख्येत बसत नाही,” ते म्हणाले. “पण माझ्याकडे हिचीच बहीण आहे. तिला मूळ इंजिन आहे. केबिन मात्र गंजून गेलं आहे. तुमचं केबिन, जाळी, गिअरबॉक्स मी नेईन. इंजिन भंगारात जाईल. निदान एक गाडी तरी खरी राहील.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जो तो मनाला येईल ते बदलू लागला तर शंभर वर्षांनी मूळ वस्तू कशी होती हे कुणाला कळणार? कुणीतरी ती जशीच्या तशी राखलीच पाहिजे. पण मला राहून राहून वाटे, आमची गाडी मूळ रूपात राहिली असती तर १९६८ सालीच मोडीत गेली असती. आणि ब्रेक मूळचे राहिले असते तर एखाद्या पुढच्या वळणावर मामाही. पाच आडव्या पट्ट्या हा जसा इतिहास, तशी मिस्त्रींनी कापलेली ती पोलादी तबकडी हाही इतिहासच. पहिला डेट्रॉइटचा, दुसरा आमचा.

हे सगळे मी मामींना समजावून सांगितले. इंजिन दुसऱ्याचे, ब्रेक तिसऱ्याचे, म्हणून सरकारदरबारी ही खरी शेवरलेट नव्हे, असे म्हणालो. मामी वाती वळत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “इंजान दुसऱ्याचं हाय म्हणून गाडी दुसऱ्याची हुती व्हय रं? मी तरी कुठं ह्या घरातली? निपाणीतनं आणलेली. साठ वर्सं झाली की.”

मी पुण्याला पत्र टाकून नम्रपणे नकार कळविला. जाळीचे आणि केबिनचे मापासकट रेखाटन करून सोबत पाठविले. त्यांना पत्रा ठोकून घ्यायला उपयोगी पडेल. त्यांचे उत्तर आले, आणि बरोबर त्यांच्याकडच्या मूळ इंजिनाचे छायाचित्र आले. ते मी पडवीत लावले आहे.

यंदा खंडेनवमीला मिस्त्रींच्या नातवाने डिझेलच्या नळ्या साफ केल्या, नवी बॅटरी जोडली. तीन वेळा सेल्फ नुसताच कण्हला. चौथ्या वेळी पडवीभर काळा धूर झाला आणि पत्रे थरथरू लागले. रस्त्यावर ती जाणार नाही, तसा परवाना तिला नाही. पण इंजिन चालू असेतो मामी हळदीकुंकवाचे तबक घेऊन बॉनेटपाशी उभ्या होत्या.

मग मी त्यांना करूळ घाटाची गोष्ट सांगितली. अडतीस-एकोणचाळीस वर्षे दडवून ठेवलेली. मामी म्हणाल्या, “ठाऊक हाय मला. त्या राती त्यांचं हात थरथरत हुतं. म्हणून तर म्या बांगड्या देऊन मिस्त्रीला बलवून घेतला.”