एक प्राण, चार सेकंद : काशीची कालगणना आणि श्वासाची मोजणी

इ.स. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘बिब्लिओथिका इंडिका’ या ग्रंथमालेत ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. भाषांतरकार होते काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेतील अध्यापक बापूदेव शास्त्री. १८२१ साली पुण्यात जन्मलेल्या बापूदेवांचे आरंभीचे गणिताध्ययन नागपुरात झाले. लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची बुद्धी हेरून त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले आणि १८४२ मध्ये ते काशीस आले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच अध्यापनात आणि ग्रंथरचनेत वेचले.

त्यांनी भाषांतरित केलेल्या या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात काळाची एकके सांगितली आहेत. जो काळ प्रत्यक्ष व्यवहारात मोजता येतो, तो मूर्त काळ. आणि मूर्त काळाचा आरंभ होतो ‘प्राणा’पासून. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचे एक अहोरात्र. गुणाकार केला की अहोरात्राचे २१,६०० प्राण होतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना या संख्येने भागले, तर एका प्राणास ४ सेकंद येतात, म्हणजेच मिनिटाला १५ श्वास.

आजचे वैद्यकशास्त्र विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्तीचा श्वसनदर मिनिटाला १२ ते २० मानते. प्राचीन संख्या या मर्यादेच्या जवळजवळ मध्यावर येते. मात्र ती शेकडो माणसांच्या छातीकडे पाहून काढलेली सरासरी होती, असे समजण्याचे कारण नाही. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या कला ६०, म्हणजे एकूण कला २१,६०० होतात. एका प्राणात एक कला हा मेळ ज्योतिषाला सोयीचा होता. आर्यभटानेही पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते, असे म्हटले आहे. गणिताची सोय आणि देहाचा स्वाभाविक वेग येथे एकत्र आले, एवढे निश्चित म्हणता येते.

ज्या नगरीत बापूदेव हे गणित शिकवीत होते, त्याच नगरीशी वैद्यकाची एक मोठी परंपरा जोडलेली आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुताला उपदेश केला, अशी ‘सुश्रुतसंहिते’ची मांडणी आहे. तिच्या उत्तरतंत्रात श्वासरोगाचे क्षुद्र, तमक, छिन्न, महा आणि ऊर्ध्व असे पाच प्रकार येतात. क्षुद्रश्वास साध्य, तमक कष्टसाध्य आणि उरलेले तीन असाध्य मानले आहेत. श्वास मध्येच तुटतो, तो छिन्नश्वास. १८१८ मध्ये जॉन चेन आणि १८५४ मध्ये विल्यम स्टोक्स यांनी वर्णिलेल्या, थांबून थांबून चालणाऱ्या श्वासाशी त्याचे साम्य जाणवते. रुग्णाच्या श्वासावरून त्याचे भवितव्य ओळखण्याची ही दृष्टी विलक्षण सूक्ष्म होती. परंतु तिचा भर लक्षणांवर होता, संख्येवर नव्हता.

संख्या ज्योतिषाकडे होती आणि लक्षणे वैद्याकडे. तरी दोन्ही रुग्णाच्या खाटेपाशी एकत्र आली नाहीत. याचे एक साधे कारण साधनात दडलेले असावे. घटिकायंत्र म्हणजे तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र. ते पाण्यावर सोडले की २४ मिनिटांनी भरून बुडे. मुहूर्त किंवा प्रहर जाणण्यास ते पुरेसे होते. पण एका मिनिटातील श्वास मोजण्यास लहान आणि विश्वासार्ह कालमापक हवे. श्वासाने काळ मोजणे शक्य होते. काळाने श्वास मोजण्यासाठी वेगळे यंत्र लागणार होते.

ते यंत्र युरोपात घडले. इटलीतील सांतोरियो याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी लंबकाच्या साहाय्याने नाडीचा वेग मोजला. इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर याने १७०७ मध्ये एक मिनिट चालणारे नाडीचे घड्याळ वापरात आणले. एकोणिसाव्या शतकात कार्ल वुंडरलिख याने तापाच्या आलेखाला रुग्णनिदानात स्थान मिळवून दिले. १८९६ मध्ये रिव्हा-रोची याचा रक्तदाबमापक आला आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्हने त्यासोबत धमनीतील ध्वनी ऐकण्याची पद्धत दिली. जपानी अभियंता ताकुओ आओयागी याने १९७४ मध्ये नाडीच्या स्पंदनावरून रक्तातील प्राणवायू ओळखण्याचे तत्त्व मांडले. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर त्याच तत्त्वावर चालतो.

नाडी, ताप, रक्तदाब आणि प्राणवायू यांना यंत्रे लाभली. श्वसनदर मात्र मागे राहिला. खाटेशेजारचा मॉनिटर तो बहुधा छातीवर चिकटवलेल्या ईसीजीच्या इलेक्ट्रोडांवरून काढतो. अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह छातीतून सोडला जातो. फुप्फुसांत हवा भरली की विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलांची मोजणी होते. परंतु श्वासमार्ग बंद झाला तरी छाती काही काळ हलत राहते आणि यंत्राला तोही श्वासच वाटतो. म्हणून भूल देताना उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ अधिक भरवशाचा ठरतो. सर्वसाधारण वॉर्डांत तर पूर्ण मिनिट न मोजताच तक्त्यावर ठरावीक आकडा लिहिला जातो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. वास्तविक प्रकृती खालावण्याची पहिली सूचना बरेचदा श्वासच देतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेल्या पूर्वसूचना-गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास असल्यास सर्वाधिक, म्हणजे ३ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी श्वासांसाठीही तेवढेच.

या मोजणीचे खरे मोल मोठ्या यंत्रांपासून दूर, महाराष्ट्रातील गडचिरोलीत सिद्ध झाले. न्यूमोनियात फुप्फुसे ताठर होतात, एका श्वासात पुरेशी हवा येत नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेते. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६०, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेची धोक्याची मर्यादा आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील आरोग्यसेवक व दायांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकवले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रयोगाच्या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते; तुलनेच्या गावांत ते १७.५ होते.

तरीही एक अडचण उरली होती. अक्षरओळख नसलेल्या दाईने पन्नास किंवा साठपर्यंत मोजावे कसे? त्यासाठी बंग दांपत्याने ‘ब्रेथ काउंटर’ हे साधन तयार केले आणि १९९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर औषध द्यायचे. विजेची किंवा बॅटरीची गरज नव्हती.

काशीच्या घटिकायंत्रात पाणी छिद्रातून आत येई, गडचिरोलीच्या साधनात वाळू छिद्रातून खाली येते. पहिल्याने काळ जाणला, दुसऱ्याने मूल वाचवले. आज काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्वांचलातून आणि बिहारमधून रुग्ण येतात, आणि तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर अनेक रेषा दाखवणारे पडदे असतात. त्या पडद्यावरील श्वसनदराबद्दल शंका आली, तर तिचे निरसन करण्याची रीत अजूनही जुनीच आहे : रुग्णाच्या छातीकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. निरोगी प्रौढ माणसाच्या बाबतीत उत्तर बहुधा पंधराच्या आसपास येते.